शर्यत पाहताना आपण नेमके काय पाहतो?

तिसरा गिअर (धागाकर्ता):

शर्यत पाहायला जाणाऱ्याने मुख्य प्रेक्षागारात न बसता लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी, गाड्या जिथे ब्रेक लावतात तिथे उभे राहावे, असे मला फार वर्षांपूर्वी एका जाणत्या शर्यतप्रेमीने सांगितले होते, आणि तेव्हापासून मी दुसरीकडे कधी उभा राहिलेलो नाही. तिथे गाडीचे नाक खाली दबते, मागची चाके हलकी होऊन शेपटी अस्वस्थ होते, चाकांच्या आऱ्यांमधून ब्रेकची तबकडी नारिंगी तापलेली दिसते, आणि त्या दीड-दोन सेकंदांत चालक स्टिअरिंगवर जे बारीकसारीक फेरफार करतो ते उघड्या डोळ्यांना दिसतात. एकाच वळणावर वीस गाड्या वीस तऱ्हांनी येतात, आणि माझ्या लेखी शर्यतीचा सगळा ऐवज त्या फरकात आहे.

अलीकडे काही वर्षे त्याच जागी उभे राहूनही मला पूर्वीइतके दिसत नाही, आणि याचा दोष मी नियमांना देतो. फॉर्म्युला वनच्या गाडीचे चालकासह किमान वजन २००८ मध्ये ६०५ किलो होते. २०२५ मध्ये ते ८०० किलोंवर पोहोचले. हा जवळजवळ दोनशे किलोंचा बोजा घेऊनही गाडी सरळ पट्ट्यावर वेगवानच राहते, फेरीचा वेळही उत्तम येतो. मात्र संथ वळणात ती जड अंगाने वळते आणि चालकाच्या हातांचे काम तिच्या आकारमानाआड जाते.

यावरून मी असे म्हणेन, की शर्यतीत कोणते कौशल्य दिसावे हे शेवटी नियमपुस्तक ठरवते. १९८९ साली स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी फेरारी ६४० ही गाडी नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये तिच्या पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, एका हाताने दांडा ओढत, उजव्या पायाने ब्रेक दाबून ठेवतच त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका देत गिअर खाली आणण्याची कला त्या पातळीवरून नाहीशी झाली. १९९२ च्या विल्यम्स एफडब्ल्यू१४बी या गाडीत सस्पेन्शनचे काम संगणक पाहत होता आणि मागच्या चाकांची घसरण ट्रॅक्शन कंट्रोल सांभाळत होते. पुढे १९९४ च्या हंगामापासून अशा साधनांवर बंदी आली, म्हणजे काही कामे माणसाकडेच राहिली पाहिजेत हे नियम करणाऱ्यांनाही पटले होते. ती कामे कोणती, याविषयी इथल्या मंडळींची मते मला जाणून घ्यायची आहेत. सर्वांत वेगवान गाडी हीच शर्यतीसाठी सर्वांत चांगली गाडी, असे तुम्हांला वाटते का?

नोंदवही:

तुमच्या दोनशे किलोंचा हिशेब मला अपुरा वाटतो. त्यात हायब्रिड यंत्रणा (इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर) आणि तिची बॅटरी आहे, मोठी चाके आहेत, लांबलेली चॅसी म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा आहे; परंतु अपघातात चालकाला वाचवणारेही त्यात पुष्कळ काही आहे, आणि तेवढे वजन मी आनंदाने मान्य करतो. १९६६ च्या बेल्जियन ग्रांप्रीत स्पा येथे जॅकी स्टुअर्ट या चालकाची बीआरएम गाडी पावसात ट्रॅकबाहेर गेली, तेव्हा तो पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत आत अडकून पडला, आणि त्याला सोडवायला धावलेल्या ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या सहस्पर्धकांना स्टिअरिंग काढण्यासाठी लागणारा पाना एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीतच एक पाना चिकटपट्टीने बांधून ठेवू लागला. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी काही क्षण पुस्तक मिटून बसलो होतो. जगातल्या सर्वांत वेगवान माणसांच्या जिवाची तजवीज त्या काळी एका मागून आणलेल्या पान्यावर अवलंबून होती.

याउलट २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमेन ग्रोजाँची गाडी पोलादी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली, तरी तो सुमारे २८ सेकंदांनी ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. त्याच्या डोक्याशी आलेला कठडा ‘हेलो’ या टायटॅनियमच्या कमानीने दूर सारला होता. ही कमान २०१८ मध्ये सक्तीची झाली त्याआधी तिला विरोध करणाऱ्यांत ग्रोजाँ स्वतः होता, आणि अपघातानंतर रुग्णालयातूनच त्याने आपले मत बदलल्याचे सांगितले. तिच्यामुळे गाडी विद्रूप दिसते, असे तेव्हा मीही हिरिरीने मांडत होतो. ते मत मी केव्हाच मागे घेतले आहे.

दुसरे असे, की यंत्राने मदत केली म्हणजे माणूस झाकला गेला, हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. ११ एप्रिल १९९३ रोजी डॉनिंग्टन पार्कच्या पावसात आयर्टन सेना चौथ्या जागेवरून निघाला, लगेच पाचवा झाला, आणि पहिली फेरी संपण्याआधी सर्वांच्या पुढे होता. त्याच्या मॅक्लारेनमध्ये सक्रिय सस्पेन्शनही होते आणि ट्रॅक्शन कंट्रोलही होते. त्याने मागे टाकलेल्या अलँ प्रोस्ट आणि डेमन हिल यांच्या विल्यम्समध्येही ती सारी साधने होती. सगळ्यांना सारखीच मदत मिळाल्यावर जो फरक उरला तो माणसाचाच होता. उलट १९९४ मध्ये साधने काढल्यावर वेग तेवढाच राहिला आणि गाड्यांचा स्वभाव मात्र बेभरवशाचा झाला, अशी तक्रार चालकांनीच केली होती. म्हणून कोणती साधने काढावीत हे ठरवताना प्रेक्षकाला काय दिसेल एवढाच निकष ठेवणे मला धोक्याचे वाटते.

डबल क्लच:

दिसण्याबद्दल दोघांनी लिहिले आहे, मी ऐकण्याबद्दल लिहितो. आवाजाचा विषय निघाला की आम्हा जुन्या मंडळींना स्मरणरंजनात रमणारे म्हणून बाजूला सारले जाते, त्याचे मला वाईट वाटते, कारण आवाज हा केवळ कानांचा लाड नसतो, त्यात माहिती असते. तीन लिटरचे व्ही१० म्हणजे दहा सिलिंडरचे इंजिन २००५ पर्यंत होते, त्यानंतर २.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे व्ही८ आले आणि ते २००९ पासून मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत मर्यादित झाले. या दोन्ही इंजिनांच्या काळात मी डोळे मिटून सांगू शकत असे, की हा चालक वळणाच्या मध्यावर पाय किंचित उचलतो आहे आणि त्याच्या मागून येणारा उचलत नाही आहे. मागचे चाक घसरले की आवाजाची पट्टी क्षणभर वर चढते आणि चालकाने पाय आवरला की खाली येते. तो चढउतार म्हणजे उजव्या पायाच्या तळव्याची हालचाल थेट आपल्या कानांत येणे असते.

२०१४ मध्ये १.६ लिटरचे टर्बो व्ही६ हायब्रिड इंजिन आले आणि हे बरेचसे मिटले, कारण एक्झॉस्टमधून बाहेर पडणारी जी ऊर्जा पूर्वी आवाज होऊन आपल्यापर्यंत येत असे, तिच्यातली पुष्कळशी आता टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि त्याला जोडलेले जनित्र खेचून घेत होते. अभियांत्रिकी म्हणून मी त्या इंजिनापुढे नतमस्तक आहे. संपूर्ण शर्यत १०० किलो इंधनात पुरी करण्याची अट त्याने पहिल्याच हंगामात पाळली, आणि २०१७ मध्ये मर्सिडीजने चाचणीमंचावर निम्म्याहून अधिक उष्णतेचे कामात रूपांतर झाल्याचे जाहीर केले. नेहमीच्या रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे मोल कळते. तरीही वळणावर उभा असलेला मी त्या दिवसापासून थोडा बहिरा झालो, ही माझी प्रामाणिक तक्रार आहे.

किलोवॅट:

माझा कल विजेच्या गाड्यांकडे आहे हे आधीच सांगतो. अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या डोंगरचढाईच्या शर्यतीचे उदाहरण घ्यावे. १९.९९ किलोमीटरचा तो रस्ता १५६ वळणे घेत जवळजवळ ४,३०० मीटर उंचीवर संपतो. सेबास्टियन लोएबने २०१३ मध्ये ८७५ अश्वशक्तीच्या आणि ८७५ किलोंच्या पेजो २०८ टी१६ मधून तो ८ मिनिटे १३.८७८ सेकंदांत पार केला, आणि हा विक्रम मोडणार नाही असे अनेकांना वाटत होते. २०१८ मध्ये रोमँ द्यूमाने फोक्सवागनच्या विजेवर चालणाऱ्या आयडी.आर मधून तो ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांवर आणला. त्या गाडीची शक्ती ६८० अश्वशक्ती होती आणि वजन एक टनाहून जास्त होते. म्हणजे कागदावर ती दोन्ही बाबतींत मागे होती. उंचीवर हवा विरळ होत जाते तसतशी ज्वलनावर चालणाऱ्या इंजिनाची दमछाक होते, टर्बो ती काही अंशी भरून काढतो, मोटरला मात्र हवा लागतच नाही. पायथ्याशी जेवढा जोर होता तेवढाच शिखरावर राहतो.

डबल क्लच यांची ऐकण्याची सवय मला समजते. परंतु विजेच्या शर्यतीतही चालकाचे कौशल्य असते, ते वेगळ्या ठिकाणी असते एवढेच. फॉर्म्युला ई २०१४ मध्ये बीजिंग येथून सुरू झाली, तेव्हा बॅटरी शर्यतभर पुरत नसल्याने चालकांना मध्येच गाडी बदलावी लागत असे. २०१८-१९ च्या हंगामातल्या दुसऱ्या पिढीच्या गाड्यांपासून ती वेळ राहिली नाही. तिथे पाय किती आधी उचलावा, म्हणजे ऊर्जा वाचेल आणि मागचा पुढेही जाणार नाही, हा हिशेब प्रत्येक वळणावर असतो, आणि तो चुकलेला चालक शेवटच्या दोन फेऱ्यांत असहाय होतो.

डबल क्लच:

पाइक्स पीकचा दाखला मला मान्य आहे. तुम्ही सांगता तो हिशेब मात्र मला पडद्यावरच्या टक्केवारीतूनच कळतो, आणि धागाकर्त्याचा प्रश्न दिसण्याचा आहे.

सहचालक:

मी हौशी रॅलींमध्ये सहचालक म्हणून भाग घेते, म्हणून माझे पारडे उघडच रॅलीच्या बाजूने झुकलेले आहे. ट्रॅकवर चालक तेच वळण साठ-सत्तर वेळा घेतो. रॅलीत तो ते वेगाने एकदाच घेतो, आणि त्याला पुढचे काही दिसत नसते. त्याला माझा आवाज ऐकू येत असतो. ‘उजवे तीन, पुढे आवळत जाणारे, आत कापू नको’ एवढे शब्द मी वळणाच्या किती आधी उच्चारते यावर त्याचा ब्रेक अवलंबून असतो. लवकर सांगितले तर तो विसरतो, उशिरा सांगितले तर ऐकून उपयोग राहत नाही.

एका रात्रीच्या टप्प्यावर, दाट धुक्यात, खड्ड्याच्या धक्क्याने, ज्यातून मी वळणांच्या नोंदी वाचून सांगते त्या माझ्या वहीची दोन पाने एकदम उलटली. डाव्या हाताचा अंगठा मी नेहमी चालू ओळीवर ठेवते, तो निसटला होता. मी ‘नोट्स गेल्या’ असे स्पष्ट सांगितले, चालकाने काही न विचारता वेग निम्म्यावर आणला, आणि रस्त्याकडेला एक मोडका दगडी कठडा दिसल्यावर त्याची माझ्या वहीतली खूण सापडून मी पुन्हा ओळीवर आले. आमचे चौदा सेकंद गेले. चूक लपवून अंदाजाने दोन वळणे सांगितली असती तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत होते.

या कलेचा इतिहास मला फार प्रिय आहे. १९५५ च्या मिले मिलिया या इटलीतल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस या चालकाच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार बसला होता, आणि त्याने पूर्वपाहणीत लिहिलेल्या नोंदींची कित्येक मीटर लांबीची गुंडाळी एका छोट्या पेटीत बसवली होती. उघड्या गाडीत बोलणे ऐकू येणे अशक्य असल्याने दोघांनी हातांच्या खुणा ठरवल्या. सार्वजनिक रस्त्यांवरचे जवळजवळ १,६०० किलोमीटर त्यांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी सुमारे १५७ किलोमीटरच्या सरासरीने पार केले. तो विक्रम कुणी मोडला नाही, कारण १९५७ च्या शर्यतीत आल्फोन्सो दे पोर्तागोच्या अपघातात प्रेक्षकांचे आणि त्यांच्यातल्या मुलांचेही बळी गेले आणि त्या स्वरूपातली शर्यत कायमची बंद झाली.

इथे मला प्रेक्षकांविषयी लिहिणे भाग आहे. ग्रुप बी या १९८० च्या दशकातल्या अतिशक्तिशाली रॅली गाड्यांच्या वर्गातल्या गाड्यांची चित्रे प्रत्येक शर्यतप्रेमीने भिंतीवर लावलेली असतात, मीही लावली होती. ऑडी क्वाट्रो, लान्शिया डेल्टा एस४, पेजो २०५ टी१६ या गाड्यांनी चारही चाकांना शक्ती देण्याचा विचार रॅलीत रुजवला, आणि मिशेल मूतोंने १९८१ मध्ये सान्रेमो रॅली क्वाट्रोमधून जिंकून, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवून, स्त्री चालकांविषयीचे बोलणे कृतीने बंद केले. परंतु त्याच काळातल्या चित्रफितींत लोक गाडी येईपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभे असतात आणि शेवटच्या क्षणी बाजूला होतात, धावत्या गाडीला हात लावतात. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मे महिन्यात कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्टो जळून गेले आणि त्या हंगामानंतर ग्रुप बी संपला. क्रेस्टोचे नाव फार थोड्या जणांच्या लक्षात असते, म्हणून ते मी मुद्दाम लिहिले.

आडवी गाडी:

मला ड्रिफ्टिंग आवडते, आणि इथे त्याचा उल्लेख व्हावा असे वाटते, कारण धागाकर्त्याच्या प्रश्नाचे ते सर्वांत सरळ उत्तर आहे. जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी यांच्या शर्यतीतल्या शैलीपासून आणि घाटरस्त्यांवर सराव करणाऱ्या केइची त्सुचिया यांच्यापासून ते वाढले, आणि त्यात घड्याळ विजेता ठरवत नाही. गाडीचा कोन, निवडलेली रेषा, वेग आणि सफाई यांना परीक्षक गुण देतात. म्हणजे जे दिसते तेच मोजले जाते.

ओला ट्रॅक:

शर्यतींच्या चर्चेत आम्हा साध्या ट्रॅक-डे वाल्यांनी, म्हणजे शर्यत न लावता आपलीच गाडी बंद ट्रॅकवर चालवणाऱ्यांनी, काय बोलावे असे वाटत होते, पण गाडीची संस्कृती शेवटी प्रेक्षकांपेक्षा चालवणाऱ्यांत टिकते, म्हणून लिहितो. गाड्यांविषयीचे आजचे बोलणे आकड्यांभोवती फिरते. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंद, किती अश्वशक्ती, किती टॉर्क. दोन टनांची विजेची कुटुंबाची गाडी आज तीन-साडेतीन सेकंदांत शंभर गाठते आणि त्यासाठी चालकाला पाय दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही. किलोवॅट यांनी राग मानू नये, माझी तक्रार मोटरवर नाही, या मोजमापावर आहे. १९८९ मध्ये आलेल्या मझदाच्या एमएक्स-५ मध्ये १.६ लिटरचे साधे इंजिन होते, वजन एक टनाच्या आत होते, आणि ती गाडी आकड्यांत कुठेच बसत नव्हती. तरीही तिने जगभर हजारो माणसांना वजन पुढे-मागे कसे सरकते, मागची चाके केव्हा सुटू पाहतात आणि हाताने ती कशी सावरायची हे शिकवले, तेही अशा वेगात की चूक झाली तर माणूस ती घरी जाऊन सांगू शकेल.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या ट्रॅक-डेला मी नवे टायर घेतले, हवा मोजली, हेल्मेट घेतले, आणि ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांपूर्वीचेच ठेवले. चौथ्या फेरीत लांब पट्ट्याच्या शेवटी पाय ठेवला तर पेडल नेहमीच्या जागी थांबलेच नाही; ओल्या स्पंजवर पाय पडावा तसे ते खाली गेले. मी दोनदा झटपट पेडल मारले, तिसऱ्यांदा थोडा जोर मिळाला, गिअर खाली ओढला आणि बाहेरच्या खडीच्या पट्ट्यात शिरून थांबलो. गाडीला ओरखडाही आला नाही. उतरलो तेव्हा माझे गुडघे थरथरत होते आणि चाकांतून करपलेला उग्र वास येत होता.

त्यामागचे कारण सोपे आहे आणि प्रत्येकाने ते समजून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेत राहते. डॉट ४ प्रकारच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. सलग जोरदार ब्रेक लावले की कॅलिपरमध्ये, म्हणजे तबकडीला चिमटणाऱ्या भागात, ते उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. त्यातच ताशी २०० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकला १०० च्या चौपट ऊर्जा पचवावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जास्त अश्वशक्तीची बढाई मारणाऱ्या किती जणांनी मागच्या वर्षभरात ब्रेक ऑइल बदलले आहे, हे मला खरोखर विचारायचे आहे.

आणि जे सार्वजनिक रस्त्यावर शर्यती लावतात, त्यांना मी गाडीप्रेमी म्हणत नाही. समोरून येणाऱ्याने त्या शर्यतीत नाव नोंदवलेले नसते.

नोंदवही:

सहमत आहे. एका गोष्टीची भर घालतो. शर्यत ही रस्त्यावरच्या गाडीची प्रयोगशाळा आहे, हे वाक्य कंपन्या सढळपणे वापरतात. १९५३ मध्ये जॅग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या बळावर ले माँची २४ तासांची शर्यत जिंकली आणि नंतर तेच ब्रेक घरोघरच्या गाड्यांत आले, इतपत ते खरे होते. १९८१ च्या मॅक्लारेन एमपी४/१ ची कार्बन फायबरची चॅसी त्याच वर्षी मोंझा येथे जॉन वॉटसनचा भीषण अपघात झाला तेव्हा शाबूत राहिली आणि तो चालत बाहेर आला; ती मात्र सामान्य गाडीपर्यंत आजही फारशी पोहोचलेली नाही, आणि तरीही ती शर्यतीतली माझ्या मते सर्वांत मोलाची सुधारणा आहे. म्हणून शर्यतीचे समर्थन करण्यासाठी आपल्याला दर वेळी रस्त्यावरच्या गाडीचा दाखला द्यावा लागू नये.

पिवळा झेंडा:

मी अकरा वर्षे क्लब पातळीच्या शर्यतींत मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅककडेला झेंडे दाखवणारा आणि अडकलेल्या गाड्यांना मदत करणारा म्हणून, उभा राहतो. आमच्यातले बहुतेक जण विनावेतन येतात, पहाटे उजाडण्याआधी चौकीवर पोहोचतात आणि शर्यतीचा निकाल संध्याकाळी घरी गेल्यावर वाचतात, कारण आम्हांला ट्रॅकचे एवढेसे वळण दिसते. सुरक्षिततेच्या चर्चेत चालक आले, प्रेक्षक आले, म्हणून आमच्या बाजूनेही लिहितो. सप्टेंबर २००० मध्ये मोंझा येथे पाओलो जिस्लिम्बेर्ती आणि मार्च २००१ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅहम बेव्हरिज हे दोन मार्शल अपघातात निखळलेल्या चाकाने मारले गेले. चाके दोरांनी चॅसीला बांधण्याचा नियम तेव्हाही होता. पुढे ते दोर आणखी मजबूत होत गेले.

दुहेरी पिवळा झेंडा हलत असेल तर वेग लक्षणीय कमी करावा, दिशा बदलण्याची किंवा पूर्ण थांबण्याची तयारी ठेवावी, असा नियम आहे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी सुझुका येथे, पावसात, दुसरी गाडी उचलायला आलेल्या अवजड वाहनावर ज्यूल्स बियांकीची गाडी आदळली, तेव्हा तिथे दुहेरी पिवळे झेंडे हलत होते. पुढच्या वर्षी जुलैमध्ये तो गेला. झेंडा पाहून किती वेग कमी करायचा हे प्रत्येक चालकाच्या मर्जीवर सोडणे पुरेसे नाही, हे मान्य होऊन २०१५ पासून ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ आली, ज्यात सर्वांनाच ठरावीक वेळेपेक्षा हळू जावे लागते.

माझ्यावर आलेला प्रसंग लहान आहे. खडीत रुतलेल्या एका गाडीला आम्ही दोघे दोर लावत होतो, वर चौकीवर आमचा सहकारी दोन झेंडे हलवत होता, आणि एक गाडी पूर्ण वेगाने आमच्यापासून काही मीटरवरून गेली. तिच्या चाकाने उडवलेले खडे माझ्या नडगीवर लागले. नंतर त्या चालकाने सांगितले, की झेंडा दिसला होता, पण फेरी फार चांगली चालली होती. पंचांनी त्याची ती फेरी रद्द केली. मी त्याच्याशी पुढेही सौजन्याने वागलो, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

तिसरा गिअर:

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. नोंदवही यांचा डॉनिंग्टनचा दाखला माझ्या मूळ मांडणीला छेद देतो आणि तो मी मान्य करतो. साधनांनी माणूस झाकला जातो हे मी सरसकट म्हणायला नको होते. सहचालक ताईंनी वही निसटल्याचे जे सांगितले, तशा क्षणी दाखवलेला प्रामाणिकपणा कोणत्याही काठावरून दिसणार नाही, आणि तरी तो शर्यतीतल्या मोठ्या कौशल्यांपैकी एक आहे, हेही मला पटले.

वजनाबाबतचे मत मात्र मी सोडत नाही. २०२६ च्या नियमांत किमान वजन ७६८ किलोंवर आणले आहे, रुंदी २,००० मिलिमीटरवरून १,९०० वर आणि जास्तीत जास्त व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) ३,६०० वरून ३,४०० मिलिमीटरवर आणला आहे. हेलो तसाच ठेवून आणि अपघातचाचण्या शिथिल न करता हे करायचे आहे. याचा अर्थ वाढलेले सगळेच वजन सुरक्षिततेचे नव्हते. त्याच नियमांनी टर्बोला जोडलेले जनित्र काढून टाकले आहे, आणि एकूण शक्तीतला विजेचा वाटा मात्र निम्म्याच्या आसपास नेला आहे, म्हणजे डबल क्लच आणि किलोवॅट या दोघांच्याही बाजूचे काहीतरी त्यात आहे.

पिवळा झेंडा यांना एक विचारायचे आहे. आमच्यासारखे प्रेक्षक चालकाने पाय उचलल्याचे आवाजावरून ओळखतात. तुम्ही गाडीच्या इतक्या जवळ असता, तेव्हा येणाऱ्या चालकाने झेंडा पाहिला आहे की नाही, हे तुम्हांला कशावरून कळते?

पिवळा झेंडा:

इंजिनाच्या गाडीत आधी कानाला कळते, डबल क्लच म्हणतात ते अगदी बरोबर आहे. आवाज तुटला की आम्ही श्वास सोडतो. विजेच्या गाड्या आमच्याकडेही येऊ लागल्यापासून ती खूण गेली आणि सुरुवातीला आम्हांला फार जड गेले. आता आम्ही नाकाकडे पाहतो, कारण पाय उचलताच मोटर ऊर्जा परत घेऊ लागते आणि ब्रेक न लावताही गाडी पुढे किंचित दबते.

पण या दोन्हींच्या आधी कळणारी एक खूण आहे. ज्याला झेंडा दिसतो त्याचे हेल्मेट अर्धा क्षण आमच्या चौकीकडे वळते. वळणात शिरताना चालकाची नजर नेहमी आतल्या कडेवर असते, तिथून ती उचलून आमच्याकडे आणल्याखेरीज झेंडा दिसूच शकत नाही. चौकीवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला गाडीचा रंग आणि क्रमांक सोडून फक्त हेल्मेटकडे पाहायला सांगतो. तुम्ही पुढच्या वेळी ब्रेकच्या जागी उभे राहाल तेव्हा चौकी शोधून तिच्या थोडे अलीकडे उभे राहा, म्हणजे तुम्हांलाही ते दिसेल.